जांभळ्या ट्यूबसमोरचे दोन हिवाळे

रंगाच्या कारखान्यात माझी नोकरी प्रयोगशाळेत होती, पण खरं काम गच्चीवर चालायचं. तिथे लोखंडी मांडवावर रंगवलेले पत्रे तिरके मांडून ठेवलेले असत, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. ऊन खात पडणं एवढंच त्यांचं काम. महिन्यातून एकदा मी काळ्या मखमलीचा तुकडा बोटाला गुंडाळायचा, प्रत्येक पत्र्यावरून एकदाच फिरवायचा आणि मखमलीवर किती पांढरं आलं ते वहीत लिहायचं. पांढरं आलं म्हणजे रंग नापास. रंगाने भुकटी सोडली, असं आम्ही म्हणायचो. वर्षानुवर्षं मी हेच केलं आणि या कामाचा मला कंटाळाही आला नाही, हे आज कबूल करायला थोडी लाज वाटते.

भुकटी का सुटते हे आमच्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. साहेब म्हणजे आमचे मुख्य केमिस्ट, तिरसट माणूस, पण शिकवायला बसले की चहा थंड होईपर्यंत उठायचे नाहीत. पांढऱ्या रंगातला पांढरेपणा टायटॅनियमच्या पुडीचा. ही पूड दिसायला गरीब, पण तिच्यावर उन्हातले जांभळ्यापलीकडचे किरण पडले की ती जागी होते आणि हवेच्या मदतीने आजूबाजूचं जे काही सेंद्रिय असेल ते खायला लागते. रंगात तिच्या आजूबाजूला असतं तेल, ज्याने तिला भिंतीवर धरून ठेवलेलं असतं. तेच ती खाते आणि मग स्वतः गळून पडते. “खाल्ल्या घराचे वासे मोजणारी जात आहे ही,” साहेब म्हणायचे. आमचा सगळा धंदा या पुडीला झोपवून ठेवण्यावर चालायचा.

प्रयोगशाळेत ही पूड दोन प्रकारची असे. देशी माल गोणीत यायचा. तो आतल्या भिंतींच्या स्वस्त रंगात जायचा, कारण उन्हात तो टिकायचा नाही. दुसरा माल परदेशी. तो लायसन्सवर यायचा, मोजका, डब्यात, आणि साहेबांच्या कपाटात कुलपात असायचा. त्याच्या प्रत्येक कणावर दुसऱ्या एका पदार्थाचा पातळ थर दिलेला असे, म्हणजे किरण पडले तरी पूड उठणार नाही. त्या डब्यातल्या रंगाचा पत्रा दोन-दोन वर्षं गच्चीवर राहायचा आणि माझी मखमल काळीच्या काळी परत यायची. त्या काळात परदेशी डब्याला काय मान होता हे आजच्या मुलांना कळणार नाही. बिस्किटांचा रिकामा परदेशी डबासुद्धा लोक शोकेसमध्ये ठेवायचे.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाय. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. बायने लग्न केलं नाही, गावच्या मराठी शाळेत शिक्षिका झाली आणि मला वाढवलं. माझंही लग्न झालं नाही, त्याचं कारण मात्र एवढं उदात्त नाही. माझ्या तोंडाला लागायला कुणी तयार नव्हतं. वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या बाजूला आमची छोटी वाडी होती. केळी, थोडी पानवेल, विहिरीपाशी मोगरा. कौलारू घर, भिंतींना बारा महिने ओल.

बायला दमा होता. चाळिशीनंतर तो वाढत गेला आणि शेवटी त्याने तिची शाळा सोडवली. वर्गात कविता म्हणताना अर्ध्या ओळीवर थांबावं लागायला लागलं, मुलं पुढची अर्धी ओळ स्वतःच म्हणून टाकायची. ती हे हसून सांगायची. मला हसू यायचं नाही.

गावात डॉक्टर एकच, म्हातारे, स्कूटरवरून फिरणारे. त्यांनी एका हिवाळ्याच्या तोंडावर मला बाहेर अंगणात नेऊन सांगितलं, “हिला इथली हवा सोसत नाही. घाटावर कोरड्या हवेत पाठव. आता गेली तर छाती सावरेल. उशीर केलास तर मग कुठेही गेली तरी तेवढी सावरणार नाही.” घाटावर आमची एक मावसबहीण नर्स होती आणि तिच्या घरी जागा होती. बायने ऐकून घेतलं, ट्रंक काढली, चार लुगडी भरली आणि ट्रंकेवर बसून राहिली.

“मना जायाचा नाय,” ती म्हणाली. एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. तिची विहीर इथे, तिची माणसं इथे, आईबाबा देवळाच्या मागच्या स्मशानात. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्या देवळातल्या गायनात बायचा आवाज पहिल्या रांगेतला. दम्याने तिच्याकडून वरचे सूर काढून घेतले होते तरी तिची जागा कुणी घेतली नव्हती. घाटावर तिला कोण ओळखणार होतं?

त्याच दिवसांत कारखान्यात येणाऱ्या एका परदेशी मासिकात मी एक छोटा मजकूर वाचला. आमच्या कारखान्यात मासिक आधी साहेब वाचत, मग वरून खाली सगळे, आणि माझ्यापर्यंत येताना त्याला चहाचे डाग पडलेले असत. मजकूर असा होता की आमचा जो दोष, पुडीचा तो खादाडपणा, तोच उपयोगाचा म्हणून काही लोक तपासताहेत. जपानमध्ये आधी पाण्यात प्रयोग झाले होते, पुडीवर प्रकाश टाकून पाणी फोडायचे. आता हवेतले वास, वाफा, घाण हे सगळं त्या पुडीला खाऊ घालायचा विचार होता. बंद खोली, दिवा, पुडीचा लेप, आणि हवा फिरवायला पंखा. आयुष्यभर मी ज्या गोष्टीला नापासाचा शेरा दिला ती गोष्ट कुणीतरी कामाला लावत होतं. मी तो मजकूर तीनदा वाचला आणि ट्रंकेवर बसलेली बाय मला दिसली.

हे सगळं आत बसवायला मी एक पेटी करायची ठरवली आणि ती गावच्या सुताराने केली. तो शवपेट्याही करायचा, त्यामुळे लाकूड तेच, रंधा तोच. पेटी घरी आली तेव्हा बायने तिच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “माजी मापा घेतली का त्याने? पाय खयं जातील?” सुतार ओशाळला. मी आत काचेच्या आठ पट्ट्या उभ्या बसवल्या, मध्ये मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारातून आणलेल्या दोन जांभळ्या ट्यूब, नाटकवाले वापरतात तशा, आणि मागे टेबलफॅन. काचेवर लेप द्यायला पूड हवी होती. मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी माझं सगळं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, “बहिणीसाठी ना? घे, जे हवं ते घे.” आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

मी परदेशी डबा उचलला.

आता लिहिताना हे वाक्य एकटंच ठेवलंय, कारण त्याला जोडून काय लिहावं ते मला अजून कळत नाही. देशी गोणी तिथेच, कपाटाच्या शेजारी, उघड्या तोंडाची पडलेली होती. मासिकात स्पष्ट लिहिलं होतं की पुडीवर थर नसावा. डब्यातल्या पुडीवर थर आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तो थर काम करतो असं वहीत मीच तर दर महिन्याला लिहायचो. पण घरच्या माणसासाठी माल नेताना रंगवाल्याचा हात गोणीकडे जात नाही. हात आपोआप चांगल्याकडे गेला. साहेबांनीही मान डोलावली, त्यांनाही चुकीचं वाटलं नाही. एवढे शिकलेले आम्ही दोघं.

पेटी बायच्या खोलीत लावली. मंद जांभळा उजेड, पंख्याची घरघर. फादर आले आणि त्यांनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. शॉक नको म्हणून मी आधी प्लग काढून घेतला. शेजारच्या बायका खोकणारी पोरं घेऊन यायच्या आणि पेटीसमोर पाच मिनिटं बसवून न्यायच्या. मी वैतागायचो, बाय त्यांना चहा करायची.

तिचा श्वास मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. मी मेणबत्ती वापरायचो. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर टेबलावर मेणबत्ती ठेवायची, बायने ओठांचा चंबू न करता तोंड उघडं ठेवून फुंकायचं, आणि किती अंतरावरून विझते ते विती-बोटांत मांडायचं. पहिल्या दिवशी चार बोटांवरून जेमतेम विझली. नाताळापर्यंत ती एका वितीवर गेली. फेब्रुवारीत दीड वीत. मी वही घेऊन डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “कशाने ते मला ठाऊक नाही, पण फरक आहे. बघू मग.” बायने ट्रंक उघडली आणि लुगडी परत कपाटात लावली. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तसा मला आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही. छातीत मावत नव्हता, आणि मी ते लपवायला विहिरीवर जाऊन उगाच पाणी काढत बसलो.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नव्हती, कारण ती प्रयोगात धरायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच हिवाळ्यात, पेटी लागल्यावर दहा-बारा दिवसांनी, आमचा गॅस आला. कित्येक वर्षं नंबर लावलेला होता, तो तेव्हा लागला. बायच्या खोलीला लागून असलेली चूल विझली ती कायमची. धूर गेला. श्वास सुधारला. आणि श्रेय मी जांभळ्या उजेडाला दिलं. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत हे प्रयोगशाळेत मी नवीन मुलांना शिकवायचो, दरडावून.

पावसाळा आला तशी भिंतींना बुरशी आली, आणि सप्टेंबरात मी पेटी उघडून साफ करायला घेतली. सवयीने खिशातली मखमल बोटाला गुंडाळली आणि काचेवरून फिरवली. काळीच राहिली. दुसरी पट्टी, तिसरी, आठही. दहा महिने रोज ट्यूबसमोर उभ्या असलेल्या त्या काचांवरची पूड थराखाली झोपलेलीच होती, तिने कणभरही काही खाल्लं नव्हतं. कारखान्यात असता तर मी हा लेप शंभर नंबरी पास केला असता. मी तिथेच जमिनीवर बसलो. बाय मागे उभी होती.

“काय झाला?” तिने विचारलं.

“काय नाय. धूल हाय,” मी म्हणालो.

खोटं बोलताना काही वाटलं नाही. डॉक्टरांनी दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की हिरडी जशी आपली राहत नाही, तसं काहीतरी तेव्हा सुरू झालं आणि ते उतरलं नाही. तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती त्याच दिवाळीआधी घाटावर गेली असती, डॉक्टरांनी सांगितल्यापासून वर्षाच्या आतच. पण मला वाटलं, चूक कळली म्हणजे निम्मं काम झालं. आता बरोबर पूड लावू आणि खरंच हवा साफ करू, मग सांगायची गरजच काय.

दुसऱ्या दिवशी मी गोणीतली देशी पूड पिशवीत भरून आणली. नेहमीसारखी थोड्या तेलात कालवली, काचा रंगवल्या, वाळवल्या. तपासायला एका बंद कपाटात सुक्या बोंबलांची जुडी ठेवली आणि तिच्याशेजारी दोन काचा आणि एक ट्यूब. चार तासांनी कपाट उघडलं तर वास निम्म्याहून कमी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या कोळणीला बोलावून नाक घालायला लावलं. तिने वास घेतला आणि मला म्हणाली, “बोंबलाचा वास मारून काय मिलवला रं? मंग खायाचा काय?” पण मला नाचावंसं वाटत होतं. पुडीने खाल्लं होतं. खोलीतली हवा खाऊन साफ करणारी वस्तू माझ्या घरात होती, आणि माझ्या माहितीत तरी आसपास कुणाकडे नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला घराला चुना काढला. नाताळाआधी आमच्याकडे प्रत्येक घर चुन्याने पांढरं होतं. न काढलं तर घरात दुखवटा आहे असं लोक समजतात. बायच्या खोलीला दोन हात दिले. मग पेटी जागेवर ठेवली आणि सुरू केली.

त्या हिवाळ्यात तिचे डोळे चुरचुरायला लागले. घसा खवखवायचा. सकाळी उठल्यावर कोरडा खोकला, तासभर. ती म्हणायची, नवा चुना हाय, लागते. मीही तेच म्हणायचो. खोलीत सगळीकडे बारीक पांढरं पडलेलं असायचं, उशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या तांब्यावरच्या झाकणीवर. ती रोज ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. चुना काढलेल्या घरात पांढरं पडणारच, त्याबद्दल कोण विचार करतो? मेणबत्ती दीड वितीवरून सहा बोटांवर आली, मग चारवर. मी काय केलं असेल? पेटी आधी संध्याकाळी आणि रात्री चालायची, ती मी दिवसभर सुरू ठेवायला लावली. औषध कमी पडतंय असं वाटलं की माणूस डोस वाढवतो.

“जरा बंद ठेवू का?” बायने एकदा विचारलं. “गेल्या सालचा बरा व्हता.”

“यंदाचा त्याच्यापेक्षा चांगला हाय,” मी चिडून म्हणालो. “तुला काय कळते त्यातला?”

तिने उशी झटकली आणि पेटी चालूच ठेवली. माझ्यावर तिचा विश्वास होता. तिने वाढवलेला मुलगा केमिस्ट झाला होता. मी ओरडलो म्हणून तिने ती चालू ठेवली नाही, मी म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल म्हणून ठेवली. ते जास्त वाईट.

उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, एका शुक्रवारी दुपारी देवळात क्रूसाच्या वाटेची भक्ती होती, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा ठिकाणांच्या चित्रांपुढे थांबत, गुडघे टेकत करायची प्रार्थना. सातव्या की आठव्या ठिकाणी बाय गुडघ्यावर गेली ती उठलीच नाही. तिचे ओठ निळे पडले होते असं मला मागाहून सांगितलं. रिक्षातून तिला डॉक्टरांकडे नेलं, तिथून दवाखान्यात. मी कारखान्यातून थेट तिकडे पोहोचलो तेव्हा तिच्या नाकावर ऑक्सिजन होता आणि ती माझ्याकडे बघून हात हलवत होती, घाबरू नको म्हणून.

तिचे कपडे आणायला मी घरी आलो. तिच्या टेबलावर प्रार्थनेचं पुस्तक होतं, काळ्या कव्हरचं. सकाळच्या घाईत ते पुसायचं राहिलं होतं. कव्हरवर पांढरा थर होता. मी बोट फिरवलं. चुना बोटाला खरखरीत लागतो, ओल्या बोटाला जरा झोंबतो. हे मऊ होतं, पिठासारखं, बोटाच्या रेघांत जाऊन बसणारं. ते मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? पेटी उघडली, मखमल काढली. पहिल्याच पट्टीला कापड पांढरंशुभ्र.

पूड खात होती. पण हवेतली घाण तिच्यापर्यंत यायची तेव्हा यायची. सर्वांत जवळ काय होतं तर मी तिला चिकटवायला वापरलेलं तेल. ते तिने आधी खाल्लं. ते तुटताना त्याच्या वाफा निघत होत्या, घसा सोलणाऱ्या. मग सुटी झालेली पूड मागचा पंखा नेमाने बायच्या अंथरुणावर उडवत होता. हा तोच दोष, साहेबांनी पहिल्या आठवड्यात सांगितलेला, आणि मी दिवसाचे तास वाढवून तो तिच्या तोंडावर सोडला होता. मी प्लग काढला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिची दोन लुगडी, पोलकी आणि कंगवा पिशवीत भरला, कुलूप लावलं आणि रिक्षा शोधायला निघालो.

डॉक्टर वऱ्हांड्यात भेटले. म्हणाले, “आता मात्र पाठव. गेल्या वर्षी गेली असती तर गोष्ट वेगळी होती. जे गेलं ते गेलं, उरलंय ते तरी वाचव.” मी मान हलवली. गेल्या वर्षी ती का गेली नाही हे त्यांना आठवत नसावं, किंवा आठवत असूनही ते बोलले नसावेत.

बाय आठवड्याने घरी आली. मी पेटी गोठ्यात नेऊन ठेवली होती. तिने रिकामी जागा बघितली.

“लाव ना ती,” ती म्हणाली. “ती पयली होती तशी लाव. त्या साली मना बरा वाटत व्हता. मी घाटावर नाय जायाची.”

तिला पाठवायचं असेल तर मला बोलायलाच हवं होतं. पेटीवर तिचा भरवसा असेपर्यंत ती हलणार नव्हती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. डब्याचं, गोणीचं. पहिल्या वर्षी त्या उजेडाने काहीसुद्धा केलं नव्हतं, हे मला सप्टेंबरात कळलं होतं, आणि धूळ आहे म्हणालो ते खोटं होतं. दुसऱ्या वर्षी जे उशीवर पडत होतं तो चुना नव्हता. मी बाजारातले भाव वाचून दाखवावेत तसं बोलत होतो, एकामागून एक, आवाज न चढवता. मला वाटलं होतं सांगताना तरी काही फुटेल आत. काहीच फुटलं नाही.

तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, “मंग मी पयल्या साली बरी कशी झाली?”

“चूल गेली ना. धूर गेला.”

“म्हंजे गॅसने.”

“व्हय.”

तिने एकदा खिडकीबाहेर मोगऱ्याकडे बघितलं. मग उठली, हळूहळू, पलंगाला धरून, आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लागली. मी पुढे झालो तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे, मी घेते.” ट्रंक जड होती आणि तिला दम लागत होता, तरी तिने मला हात लावू दिला नाही.

घाटावर तिला मी सोडून आलो. कोरडी हवा, पांढरं ऊन, मावसबहिणीचं दोन खोल्यांचं घर. तीन-चार वर्षं मी तिला पत्रं लिहीत होतो, ती उत्तरं पाठवत होती, तब्येत बरी आहे, काळजी नसावी. सणाला ये म्हटलं की पावसानंतर बघू, म्हणायची. वाडीतलं एकेक झाड गेलं, विरारच्या बाजूने इमारती आमच्याकडे सरकायला लागल्या. पेटी मी फोडून चुलीत घालणार होतो, पण चूल नव्हती.

ऐंशीचं दशक संपता संपता मी तिला भेटायला गेलो. ती देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा तिचं बरंच वाचलं होतं, सगळं नाही. तिथल्या गायनात ती नव्हती. विचारलं तर म्हणाली, इथली चाल वेगळी आहे. जेवताना मी तिला सांगितलं, मला सांगायचंच होतं, की त्या पुडीचं आता परदेशात जमत चाललंय. तेलबिल काही न वापरता ते पूड काचेवर भाजून बसवतात, मग ती सुटत नाही, तिला खायला फक्त हवेतली घाण उरते. खोलीतली हवा खरोखर साफ होते. माझा विचार चुकीचा नव्हता, असं मी म्हणालो नाही, पण त्यासाठीच मी एवढा प्रवास करून आलो होतो हे तिला कळलं असणार. मी आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो.

तिने माझ्या ताटात भात वाढला. आणि मी वर्गातला मुलगा असल्यासारखं, शाळेतल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, “बरं झालं. कुणाच्या तरी बहिणीला उपयोग होईल.”

मी भात कालवला आणि जेवलो.